लघवीचं सगळं किडनीवर ढकलू नका: या चुका टाळा

परळला एका लॅबच्या काउंटरवर सकाळी सातला बसले की पहिल्या दहा माणसांत दोघं-तिघं तरी म्हणतात, "मॅडम, किडनीचं करायचंय." काय होतंय विचारलं, तर एकाची कंबर दुखत असते, एकीला लघवीला जळजळ होत असते आणि एकीच्या सासऱ्यांना रात्री पाचदा उठावं लागत असतं. बहुतेक वेळा कंबर स्नायूंची किंवा मणक्याची निघते, जळजळ मूत्राशयाची आणि सासऱ्यांचं दुखणं प्रोस्टेट ग्रंथीचं. किडनी बिचारी तिन्हींत नसते. आणि जेव्हा ती खरोखर बिघडत असते तेव्हा सहसा दुखत नाही, म्हणून तो माणूस आमच्या काउंटरवर उशिराच येतो.

म्हणून आधी नळकाम. वर दोन गाळण्या, त्यांतून खाली येणारे दोन पाइप, मग टाकी आणि शेवटी नळ. गाळण्या म्हणजे मूत्रपिंडं, मुठीएवढी, प्रत्येकी साधारण १५० ग्रॅमची. ती कंबरेत नसतात. शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, पोटाच्या मागच्या भिंतीला टेकून असतात, आणि वर यकृत असल्यामुळे उजवं थोडं खाली असतं. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. लघवी म्हणजे जे परत घेतलं नाही ते.

पाइप म्हणजे मूत्रवाहिन्या, २५ ते ३० सेंटीमीटर लांब. त्या आकसून-आकसून लघवी खाली ढकलतात, म्हणून आडवं झोपलं तरी काम चालू राहतं. टाकी म्हणजे मूत्राशय, आणि नळ म्हणजे मूत्रमार्ग. रिपोर्ट वाचताना मूत्रवाहिनी आणि मूत्रमार्ग यांत लोक हमखास गोंधळतात. खडा मूत्रवाहिनीत असेल, तर तो "निघायच्या तोंडाशी" आलेला नसतो. अजून टाकीपर्यंतही पोचलेला नसतो.

कंबरेचंच बघा. वाकल्यावर, गोणी उचलल्यावर किंवा लोकलच्या दारात तासभर तिरकं उभं राहिल्यावर वाढतं आणि पडून राहिलं की उतरतं, ते दुखणं बहुधा पाठीचं. मुतखड्याची कळ वेगळी. ती बरगडीखालून सुरू होऊन जांघेकडे उतरते, लाटेसारखी येते आणि माणूस कोणत्याही कुशीवर स्वस्थ पडू शकत नाही. मूत्रवाहिनी तीन ठिकाणी अरुंद असते: मूत्रपिंडातून निघताना, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा अडकतो तो बहुतेक इथेच. कंबरदुखीवर स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या खाणारे लोक मात्र "किडनीला जपायला" म्हणून बाटलीभर पाणी पितात आणि त्याच गोळ्यांनी तिला त्रास देतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. उलट्या-जुलाबात अंगातलं पाणी गेलेलं असताना तर जास्तच. ओळखीच्यांकडून आलेल्या बिननावाच्या पुड्यांचं तर बोलायलाच नको, आत काय आहे ते पुडी देणाऱ्यालाही माहीत नसतं.

दुसरी मोठी चूक: "क्रिएटिनिन नॉर्मल आलं, सुटलो." क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ, गाळण्या मंदावल्या की तो साठतो. दोन मूत्रपिंडांत राखीव ताकद एवढी असते की निम्म्याच्या आसपास काम गेलं तरी क्रिएटिनिन नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, हेही वर्षातून एकदा बघायला हवं. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती वेगाने गाळतात याचा अंदाज, छापलेला असतो, तोही डॉक्टरांना दाखवा. माझ्या स्वतःच्या काकांनी सात वर्षांचे रिपोर्ट फाइलमध्ये छान लावून ठेवले होते. फक्त शेजारी-शेजारी ठेवून वाचले कुणीच नव्हते. क्रिएटिनिनचा आकडा दरवर्षी थोडा-थोडा चढत होता, तरी प्रत्येक कागदावर "नॉर्मल"च होतं.

आता पाण्याचं. माझ्यासारख्या डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्या बायका सकाळी पाणी मुद्दाम पीत नाहीत, कारण लोकलमध्ये सोय नाही आणि स्टेशनवरच्या सोयीविषयी न बोललेलं बरं. मुंबईत २०११ साली बायकांसाठी मुताऱ्यांची मागणी करणारी 'राइट टू पी' ही मोहीम उगाच नाही सुरू झाली. ही चूक आमची म्हणता येत नाही, पण मूत्राशयाला त्याचं काय? टाकीत दीडशे-दोनशे मिलिलिटर साठलं की पहिली जाणीव होते, ४०० ते ५०० ला घाई होते. ती घाई रोजच्या रोज मारली आणि पाणीही तोडलं, की लघवी घट्ट होते आणि आत आलेले जंतू वेळेवर धुऊन निघत नाहीत. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, पुरुषाचा २० च्या आसपास. जंतूंना आमच्याकडे अंतरच कापावं लागत नाही. मी करते ते सांगते: घरून निघायच्या दीड तास आधी दोन भांडी पाणी, निघताना लघवी, आणि कामावर पोचल्या-पोचल्या पुन्हा बाटली. उलट टोकाची चूकही नको. मोबाइलवरचा मेसेज वाचून सकाळी उठल्यावर एकदम तीन-चार लिटर रिचवणारे भेटतात. मूत्रपिंड तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकतं. त्याच्या पलीकडे रक्तातलं सोडियम पातळ होतं. लघवी फिकट पिवळी राहील एवढं पाणी पुरे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांचं माप पाळावं. (बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर झळझळीत पिवळी किंवा बीट खाल्ल्यावर लालसर लघवी झाली म्हणून घाबरलेले लोकही येतात. बीट खाल्लेलं नसताना लाल झाली, तर मात्र लगेच दाखवा, दुखत नसलं तरी.)

"उन्हाळी लागली असेल" म्हणून धणे-जिऱ्याचं पाणी प्यायलात, तर बिघडत काही नाही. पण दोन दिवसांत जळजळ उतरली नाही, किंवा थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली दुखू लागलं, तर संसर्ग टाकीतून पाइपने वर गाळणीपर्यंत गेलेला असू शकतो. मागच्या वेळच्या उरलेल्या चार अँटिबायोटिक गोळ्या यावर घेऊ नका. जंतू अर्धवट मरतात आणि मग आमचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, कोरं येतं.

सासऱ्यांना मात्र किडनीच्या डॉक्टरकडे नेण्याआधी युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या वाटेच्या सर्जनकडे, न्या. प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते, वयाबरोबर वाढते आणि नळ आवळते. सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी पूर्ण तुंबते. तुंबलेली लघवी ही थेट इस्पितळात जायची गोष्ट.

मुतखड्यावर कुळथाचं कढण प्या, हरकत नाही, पोटात पाणी तरी जातं. बिअर औषध म्हणून पिऊ नका. आणि दूध-दही बंद करू नका, कारण जेवणातलं कॅल्शियम खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. कमी करायचं ते मीठ, म्हणजे पापड, लोणचं, सुकी मासळी. ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) ठेवला असेल, तर तो काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दुखणं थांबलं की लोक विसरतात, स्टेंटवर खडे चढतात आणि काढायला दुसरं ऑपरेशन लागतं.

पावसाळ्यात हिंदमाता-परळच्या तुंबलेल्या पाण्यातून चालावंच लागलं आणि पायाला जखम असली, तर घरी जाऊन पाय धुऊन विषय संपत नाही. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि त्याच्या लघवीतून पाण्यात येतात. प्रतिबंधक गोळीविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विचारा. ताप येऊन लघवी कमी झाली, तर थांबू नका.

राहता राहिलं सॅम्पल, म्हणजे माझं रोजचं भांडण. कल्चरसाठी पहिली धार सोडून द्या, मधली घ्या, बाटलीच्या आत बोट लावू नका. अँटिबायोटिकचा पहिला डोस सॅम्पल दिल्यानंतर. विरारहून पिशवीत दोन-अडीच तास गरम झालेली बाटली आणली, तर वाटेत जंतू एवढे वाढतात की रिपोर्टला अर्थ राहत नाही. लॅबमध्ये येऊनच द्या. चोवीस तासांच्या लघवीत सकाळची पहिली फेकायची, दुसऱ्या सकाळची पहिली घ्यायची. आणि नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.