आयरिश परीकथांचा संग्रह वाचताय? या चुका टाळा

'आयरिश परीकथा' नावाचं पुस्तक हौसेनं उघडायचं, तिसऱ्या-चौथ्या गोष्टीला अडखळायचं आणि गुपचूप कपाटात परत ठेवायचं, असं बऱ्याच जणांचं होतं. कुणी म्हणतं, परी आलीच नाही. कुणाला शेवटच कळत नाही. कुणाच्या घरी मुलं रात्री घाबरून उठतात. तक्रारी खऱ्या आहेत, पण बहुतेकींचं मूळ एकच: या गोष्टी कुणी, कुणाकडून ऐकून, कुणासाठी लिहिल्या हे न बघता वाचायला बसणं.

मुखपृष्ठ बघून पुस्तक निवडणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जेम्स स्टीफन्सचं १९२० सालचं पुस्तक घ्या. नाव परीकथांचं, चित्रं आर्थर रॅकहॅमची, त्यामुळे ते सात-आठ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला दिलं जातं. आत मात्र दंतकथेतला वीर फिन मॅक कूल आणि त्याच्या फियाना योद्ध्यांच्या कथा. पहिलीच गोष्ट तुआन मॅक कॅरिलची. हा माणूस हरीण, रानडुक्कर, ससाणा आणि शेवटी सामन मासा होऊन आयर्लंडचा सगळा इतिहास जगतो आणि तो एका ख्रिस्ती साधूला ऐकवतो. फार सुंदर लिहिलंय, पण ते मोठ्यांसाठी. मूल दहाव्या पानावर झोपलं तर दोष त्याचा नाही.

आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सचा १८८८ सालचा संग्रह वेगळ्या जातीचा. तिथे येट्स संपादक आहे. गोष्टी क्रोकर, कार्लटन, लेडी वाइल्ड (ऑस्कर वाइल्डची आई), डग्लस हाइड अशा बऱ्याच जणांच्या आहेत. म्हणून एका गोष्टीत थट्टा, पुढच्यात अंगावर काटा आणि त्यापुढच्यात थेट कविता, असं होतं. टॉमस क्रॉफ्टन क्रोकरनं १८२५ मध्ये दक्षिण आयर्लंडच्या दंतकथा छापल्या आणि ग्रिम बंधूंनी लगेच पुढच्या वर्षी त्यांचं जर्मन भाषांतर केलं, इतकं ते पुस्तक गाजलं. पण क्रोकर खेडुतांकडे बघून सतत गालात हसत असतो. त्याचा डॅनियल ओ'रुर्क गरुडाच्या पाठीवर बसून चंद्रावर जातो आणि शेवटी कळतं की स्वारी दारू पिऊन भिंतीखाली झोपली होती. सगळ्याचा विनोद करण्याच्या या खोडीबद्दल येट्सनं प्रस्तावनेत क्रोकरला टोकलंही आहे. म्हणून येट्सच्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीखालचं नाव आधी वाचायचं. नाव क्रोकरचं असेल तर सगळंच खरं धरू नका. हाइडचं असेल तर खुशाल विश्वास टाका. तो आयरिश भाषेत ऐकून लिहिणारा माणूस होता आणि पुढे १९३८ मध्ये आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

घरात मोठ्यानं वाचायला मी जोसेफ जेकब्सचे १८९२ आणि १८९४ चे संग्रह सुचवेन. फक्त नाव नीट वाचा: ते 'केल्टिक' आहेत. स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल यांच्याही गोष्टी त्यात आहेत. त्यातली डिअर्ड्रची प्रसिद्ध शोककथा मुळात आयरिश असली तरी जेकब्सनं दिलेलं रूप स्कॉटलंडमध्ये टिपलेलं आहे.

शेवटच्या टिपा सोडून देणं

जेकब्सच्या टिपांच्या आधी चित्रकार बॅटननं एक पाटी रंगवली आहे: पुढचं जो तीनदा वाचेल तो शंभर वर्षं झोपी जाईल. मुलांना हुसकायला केलेली ही गंमत मोठी माणसंही निमूट पाळतात. तुम्ही पाळू नका. 'बेथ गेलर्ट' या वेल्श गोष्टीत राजपुत्र लुएलिन शिकारीहून परततो, कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं बघतो, यानंच बाळाला मारलं असं समजून त्याला ठार करतो आणि मग पाळण्याशेजारी मेलेला लांडगा सापडतो. मराठी वाचक लगेच म्हणेल, हे तर आपलं मुंगूस! जेकब्सही टिपेत तेच सांगतो आणि पंचतंत्रापासूनचा या गोष्टीचा प्रवास मांडतो. स्वस्तातल्या पुनर्मुद्रणांत या टिपा बहुतेकदा गळालेल्या असतात, म्हणून विकत घेण्याआधी अनुक्रमणिका पाहा. हे लेखक जाऊन बराच काळ लोटला आहे, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पूर्ण पुस्तकं फुकट मिळतात.

पंखवाल्या परीची वाट पाहणं

ती येणार नाही. आयर्लंडची 'शी' मंडळी माणसाएवढी, देखणी आणि भयंकर मानी. जुन्या कथांप्रमाणे ती तूअहा डे डानन या पराभूत देवकुळातली, जमिनीखाली राहायला गेलेली. त्यांना तोंडावर नाव घेऊन बोलावत नाहीत. 'भली माणसं' म्हणतात, कारण ती ऐकत असतील. त्यांची घरं म्हणजे शेताशेतांतल्या गोल मातीच्या गढ्या. प्रत्यक्षात हे मध्ययुगाच्या सुरुवातीच्या शेतकरी वस्त्यांचे अवशेष, आणि ते देशभर हजारोंनी आहेत. शेतात एकट्या उभ्या असलेल्या काटेरी हॉथॉर्नच्या झुडपालाही हात लावत नाहीत. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लतून इथे महामार्गाच्या आड असंच एक झुडूप आलं, तेव्हा कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि झुडूप राखून रस्ता झाला.

हे माहीत असलं की गोष्टींचं वजन बदलतं. 'अंड्याच्या टरफलांची भट्टी' ही बदललेल्या बाळाची (खरं मूल पळवून शी मंडळी त्याच्या जागी आपल्यातलं कुणी ठेवतात, अशी समजूत) गोष्ट वाचताना आपण हसतो. आई टरफलं उकळत बसते, आणि पाळण्यातलं किरकिरं बाळ म्हाताऱ्या आवाजात म्हणतं, दीड हजार वर्षं जगलो, पण टरफलांपासून दारू गाळताना कुणाला पाहिलं नाही! पण त्याच आईला सल्ला मिळालेला असतो की बाळ बोललं की तापलेली सळई त्याच्या घशात खुपसायची. येट्सचा संग्रह निघाला त्यानंतर सातच वर्षांनी, मार्च १८९५ मध्ये, टिपरेरीत ब्रिजेट क्लिअरी या सव्वीस वर्षांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला तिच्या नवऱ्यानं जाळलं. ही माझी बायको नाही, बदललेली कुणीतरी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून तो जवळच्या गढीवर वाट बघत राहिला. न्यायालयानं त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा दिली.

म्हणून मुलांना वाचून दाखवण्याआधी गोष्ट स्वतः एकदा वाचा. बदललेल्या बाळांच्या आणि बॅन्शीच्या गोष्टी झोपायच्या वेळी नकोत. (बॅन्शी म्हणजे घराण्यातल्या मृत्यूआधी आक्रोश करणारी बाई. मुलं तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारतात, हेही खरं.) 'बोलिऑनचं शेत' चालेल. टॉम फिट्झपॅट्रिक लेप्रेकॉनला, म्हणजे पुरलेल्या धनाचा ठाव माहीत असलेल्या बुटक्याला, पकडतो, धन पुरलेल्या झुडपाला खूण म्हणून तांबडी पट्टी बांधतो, फावडं घेऊन परत येतो तर शेतातल्या प्रत्येक झुडपाला तशीच पट्टी!

एकाच पात्राची सगळीकडे एकच ओळख धरणं

स्टीफन्सकडे फिन हा ज्ञानाच्या माशाची चव अंगठ्यावरून चाखून शहाणा झालेला वीर. कार्लटनच्या 'नॉकमनी'त तोच फिन कू खुलिन या दुसऱ्या वीराला घाबरून बाळाचं टोपडं घालून पाळण्यात झोपतो. त्याची बायको ऊना भाकरीत लोखंडी तवे भाजून पाहुण्याचे दात पाडते, आणि शेवटी फिन त्याचं शक्ती साठवलेलं बोटच चावून तोडतो. परंपरेनं या दोन वीरांमध्ये दोनेक शतकांचं अंतर आहे, त्यांची भेटच होऊ शकत नाही. विसंगती सोडवत बसू नका. एक दरबारी हस्तलिखितांतून आलेला फिन, दुसरा चुलीपुढच्या हशातला.

पुनरुक्ती गाळणं

हाइड आणि दुसरा संग्राहक जेरेमाया कर्टिन यांच्या लांब गोष्टींत जहाज हाकारण्याचं किंवा लढाईचं तेच वर्णन शब्दाशब्दासह परत येतं. घाईत आपण ते ओलांडतो. या ठरीव परिच्छेदांवर कथेकऱ्याला दम घेता येई आणि ऐकणारे त्यांची वाट बघत. आपल्या श्रावणातल्या कहाणीत 'आटपाट नगर होतं' दरवेळी आलं म्हणून कुणी कुरकुरत नाही. मोठ्यानं वाचा, लगेच फरक पडतो.

एका बैठकीत दहा गोष्टीही नकोत. या गोष्टी हिवाळ्याच्या, साधारण १ नोव्हेंबरच्या साविन सणापासून १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनापर्यंत, रात्री चुलीपाशी सांगायच्या. दिवसा सांगणं अशुभ मानत. रात्रीला एक पुरते.

नावांपाशी अडून बसणं

इंग्रजी अक्षरांवरून आयरिश नावं वाचू नका. 'एमएच' किंवा 'बीएच' दिसलं की बहुधा 'व', आणि 'एस'शेजारी 'ई' किंवा 'आय' असला की 'श'. तेवढ्यावर नीव, साइव, ओशीन ही नावं सुटतात. बाकीची मनात काहीही म्हणा.

बोध शोधणं

'नॉकग्राफ्टन' या गोष्टीत कुबडा लसमोर गढीपाशी ऐकतो: आतली मंडळी 'सोमवार, मंगळवार' एवढंच पुन्हा पुन्हा गातायत. तो थांबतो, ताल पकडतो आणि योग्य जागी 'आणि बुधवार' जोडतो. खूश होऊन ते त्याचं कुबड उतरवून ठेवतात. दुसरा कुबडा जॅक मॅडन मध्येच घुसून ओरडतो, तर लसमोरचं कुबडही त्याच्याच पाठीवर बसतं. चांगल्याला चांगलं फळ असं इथे म्हणता येईल, पण बाकी असंख्य गोष्टींत ते बसत नाही. लिरच्या चार मुलांनी काय केलं होतं? सावत्र आईच्या मत्सरामुळे ती नऊशे वर्षं हंस होऊन थंड पाण्यावर काढतात.

छापील संग्रह संपले आणि भूक उरली, तर पुढचा मुक्काम डूखस या संकेतस्थळावर. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगानं सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना आपापल्या घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. त्या वह्या तिथे फुकट वाचता येतात, बराचसा भाग इंग्रजीत आहे. एखादा परगणा निवडा आणि सुरुवात करा. संपादकाचा हात न लागलेली गोष्ट कधी चारच ओळींची असते आणि तिला शेवटही नसतो.