टू-टू म्हणजे नेमकी कुठली टू-टू?

2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) ब्राँझ जिंकलं. तेव्हापासून रेंजवर नवीन आलेलं पोर आठवड्याभरात विचारतं, "टू-टू कधी मिळेल?" म्हणजे याच प्रकारात चालते ती .22 ची रायफल. मीही विचारायचो, कुसाळेच्या पदकाच्या कितीतरी आधी. थांबा जरा. आधी 4.5 मिलिमीटरची एअर रायफल घासा. तिथल्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ट्रिगरवरचं बोट तिथेच शहाणं होतं.

मग टू-टूकडे या. पण .22 हे नळीचं माप आहे, काडतुसाचं नाव नव्हे. शॉर्ट, लाँग रायफल, मॅग्नम, सगळ्यांना लोक टू-टूच म्हणतात. आपल्याला लागतं ते लाँग रायफल नावाचं काडतूस. हीच गोळी मॅग्नमच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीत, आरामात घुसते, पण ढिली बसते. मारली की केस, म्हणजे काडतुसाचं पितळी टरफल, फाटून गॅस मागे येऊ शकतो. आत गेली म्हणजे चालते, असं नाही.

मी मात्र उलट्या बाजूने फसलो. क्लबच्या रायफलला मॅच चेंबर होतं, म्हणजे स्पर्धेसाठी मुद्दाम घट्ट कापलेलं. माझा डबा संपला होता. एका सिनियरने खिशातून मूठभर काडतुसं काढून दिली. "घे रे, लाँग रायफलच आहे. काही होत नाही." ती हायपर-व्हेलॉसिटीची, म्हणजे जादा वेगाची होती. त्यातल्या काही गोळ्यांची केस नेहमीपेक्षा दोनेक मिलिमीटर लांब असते, हे मला कुठे ठाऊक? काडतूस आत ढकलणारा बोल्ट जड लागला. मी दाबला. तेवढ्यात 'अनलोड'ची, म्हणजे रायफल रिकामी करायची ऑर्डर आली. बोल्ट ओढला तर केस बाहेर आली, चटईवर बंदुकीची दारू सांडली आणि पुढचं शिसं नळीतच रुतून बसलं. मला वाटलं, गोळी खराब निघाली. पुढची घातली, जाईना; अंगठ्याने रेटायला लागलो तेव्हा कोचचा हात खांद्यावर पडला. ती तशीच रेटून मारली असती तर नळी फुगली असती, कदाचित फुटलीही असती. त्या दिवशी दादरपर्यंत लोकलमध्ये माझे हात थरथरत होते.

म्हणून नळीवर कोरलेलं आणि डब्यावर छापलेलं अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. खिशातली सुटी काडतुसं कुणाचीच घेऊ नका. परवान्यावरचा माल आहे तो, शेंगदाणे नव्हेत. आणि ज्या सिनियरचं प्रत्येक उत्तर 'काही होत नाही' असतं, त्याच्याकडून पोझिशन शिका, दारूगोळा नको.

घाबरू नका मात्र. साध्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या मॅच गोळ्या घ्या. सेकंदाला साधारण 320-330 मीटर, आवाजाच्या वेगाखालीच. कागदाला भोक पाडायला त्याहून जास्त वेग कशाला हवा? दोन-तीन लॉट (एका खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट) मारून बघा, तुमच्या नळीला जो मानवेल तो ठेवा. दरवेळी महागडाच जिंकतो असंही नाही.

खटका पडला पण बार झाला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. बार फुसका वाटला तर पुढची गोळी घालूच नका. हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा.

माझा हात अजूनही बोल्ट जरा जड लागला की आपोआप वर जातो. परवा असाच वर केला, तर चेंबरमध्ये नुसतं मेण आणि शिसं साचलेलं निघालं. शेजारच्या लेनवरची पोरं हसली. हसू देत.