हीट पंपाचे वीजकाम सुरक्षितपणे कसे करून घ्यावे

पावसाळ्यात पुण्यातल्या सोलरला पुरेसे ऊन मिळत नाही, आणि उंच इमारतींच्या गच्चीवर सगळ्या घरांना पुरतील एवढी पॅनेलही बसत नाहीत. म्हणून पाणी तापवण्यासाठी हीट पंपाचा विचार अनेक सोसायट्या आणि बंगलेवाले करतात. हे यंत्र हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडते, त्यामुळे तेवढेच पाणी तापवायला त्याला गीझरच्या साधारण एक तृतीयांश वीज लागते. मात्र पाणी, उघडी जागा आणि धातूचा मोठा सांगाडा येथे एकत्र येतात, त्यामुळे त्याचे वीजकाम गीझरपेक्षा अधिक काटेकोर असावे लागते. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वीज ठेकेदाराच्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. आपण काय तपासावे आणि कोणत्या बाबतीत तडजोड करू नये, तेवढे येथे सांगितले आहे.

यंत्र ठरवण्यापूर्वी त्याच्या नावपट्टीवरचा कमाल विद्युतप्रवाह वाचावा. विक्रेता बहुधा फक्त कंप्रेसरचे किलोवॉट सांगतो, परंतु बऱ्याच घरगुती यंत्रांत थंडीसाठी एक जादा हीटर असतो. कंप्रेसर १ किलोवॉटचा आणि हीटर २ किलोवॉटचा असेल, तर दोन्ही एकदम चालू असताना २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर प्रवाह लागतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. नवा भार त्यात बसत नसेल, तर भारवाढीचा अर्ज आधी करावा आणि यंत्र नंतर आणावे.

त्यानंतर मुख्य बोर्डापासून यंत्रापर्यंत स्वतंत्र सर्किट ओढून घ्यावे. बाथरूममधल्या जुन्या गीझर पॉइंटवरच हीट पंप जोडण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नये. तासन्‌तास भार वाहिल्यावर अशा सॉकेटमध्ये प्लगची पिन आधी काळवंडते, मग भोवतालचे प्लास्टिक पिवळे पडून मऊ होते, आणि तोवर कोणाचे लक्षही जात नाही. वरच्या उदाहरणातल्या भारासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, सहसा योग्य ठरतो. अंतर फार असेल, तर जाडी हिशेब करून वाढवावी. पेठांमधल्या जुन्या इमारतींत अजूनही ॲल्युमिनियमची वायर किंवा अर्थिंगच नसलेले वायरिंग आढळते. तेथे हे सर्किट मीटरपासून नवेच टाकावे.

सर्वांत अधिक वेळ अर्थिंगला द्यावा. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासून वायरला वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लागते, आणि तिला अर्थिंगची जोड हवी. सांगाड्यात वीज उतरली की अर्थिंगच्या तारेतून गळती वाहते आणि आरसीसीबी लगेच पडते. अर्थिंग नसेल, तर कोणीतरी यंत्राला हात लावेपर्यंत ती गळती तशीच दबून राहते, आणि मग तिची वाट माणसाच्या अंगातून जाते. पुण्याची जमीन बहुतांशी काळ्या पाषाणाची. बावधन, पाषाण अशा टेकड्यांलगतच्या भागांत थोडे खणले की खडक लागतो आणि अशा ठिकाणी एका खड्ड्याने पुरेसे अर्थिंग मिळेलच असे नाही. म्हणून खड्डा दाखवला एवढ्यावर समाधान मानू नये, अर्थ टेस्टरने मोजलेला रोध ओहममध्ये लिहून घ्यावा. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणे किंवा यंत्रापाशी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करणे हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात.

यंत्र गच्चीवर असेल, तर तेथूनच दिसेल अशा जागी पावसापासून संरक्षित आयसोलेटर, म्हणजे यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच, बसवावा, म्हणजे दुरुस्ती करणारा काम करत असताना खाली कोणी अजाणता वीज सुरू करणार नाही. केबल डब्यात खालच्या बाजूने, ग्लँडमधूनच, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या जोडातूनच, शिरवावी आणि शिरण्यापूर्वी तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकते. वळवाच्या विजांचा विचार करून बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारे साधन, तेही घ्यावे. मोठ्या सोसायटीतल्या तीन फेजच्या यंत्राला फेज उलटसुलट जोडले गेल्यास किंवा एक फेज गेल्यास यंत्र आपोआप बंद करणारा रिले हवाच. तो यंत्रातच आहे का, हे विचारून घ्यावे.

वीज सोडण्यापूर्वी टाकी पाण्याने पूर्ण भरावी, कारण कोरड्या टाकीत हीटर जळतो. वायरिंगचे इन्सुलेशन यंत्र सुटे ठेवून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, ५०० व्होल्टवर तपासावे आणि ते किमान १ मेगाओहम भरावे. टेस्टर पेटला नाही म्हणून वायर मृत आहे असे धरू नये. मल्टिमीटरने फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजावे. यंत्र चालू झाल्यावर वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने घेतलेला प्रवाह नावपट्टीशी ताडून पाहावा आणि तासाभराने वीज बंद करून जोडण्यांचे स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत.

पुढे महिन्यातून एकदा आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबावे. ती पडली नाही, तर बदलावी. ती वारंवार पडू लागली, तर ती काढून थेट जोडणी करून देतो असे सांगणाऱ्याला ठामपणे नकार द्यावा. बहुतेक वेळा कारण सापडते: न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला गेलेला असतो, किंवा बरेच दिवस बंद राहिलेल्या हीटरमध्ये ओल शिरलेली असते. हीटर सुटा करून आरसीसीबी टिकते का पाहावे. टिकली, तर हीटर बदलावा, आणि टिकली नाही, तर न्यूट्रल बोर्डापासून यंत्रापर्यंत तपासत जावे.