घटपर्णी मरते ती मुळापासून: या चुका टाळा

थंड डोंगराळ दलदलीतली घटपर्णी, म्हणजे घटासारख्या पानांत किडे पकडणारं झाड, पुण्यात आणणारा जवळपास प्रत्येक जण मला हेच विचारतो, "किडे मिळत नाहीत म्हणून वाळली का?" नाही हो. किड्यांवाचून ती महिनोन्‌महिने तग धरते. तिला मारतात तापलेली मुळं आणि क्षाराचं पाणी.

माझ्या मावसभावाने फेब्रुवारीत कोब्रा लिली नावाची घटपर्णी मागवली. ही मूळची कॅलिफोर्निया-ओरेगनच्या डोंगरांतली. तिथे मुळांशी झऱ्याचं गार पाणी वाहत असतं, म्हणून डोक्यावरचं ऊन तिला सोसतं. याने ती काळ्या कुंडीत लावून गच्चीच्या कोब्यावर ठेवली. एप्रिलमध्ये फोन आला, "दादा, जरा मलूल वाटतेय, पाणी वाढवू का?" भर दुपारी कोथरूडला गेलो. कुंडीला हात लावला तर चटका बसला. झाड उपसलं तर मुळं उकडलेल्या शेवयांसारखी बोटांना चिकटली, वर गटाराचा वास. पानांचे फणे मात्र अजून हिरवे होते. लोक फसतात ते इथेच. पान सुकेपर्यंत खाली काही उरलेलं नसतं.

ही लिली ठेवायचीच असेल तर पांढरी कुंडी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि उन्हाळाभर सकाळ-दुपार कुंडीतल्या मॉसवर (शेवाळावर) आरओच्या पाण्याचा बर्फ घाला. रोज जमणार नसेल तर कृपा करून आणू नका. त्याऐवजी मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही घटपर्णी आणा. भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी ही एकच नेपेंथिस, आणि पुण्याची हवा तिला बऱ्यापैकी मानवते. तिला पाण्याच्या ताटलीत मात्र उभी करू नका.

बोअरचं आणि टँकरचं पाणी बंद. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 50 पीपीएमच्या आत हवा. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर मुळीच नको, काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. मी पावसाळ्यात पिंपं भरून ठेवतो.

शेणखत, गांडूळखत चिमूटभरही नको. दलदलीत नत्राची वानवा, म्हणून तर ही झाडं किडे धरतात. आपल्या कासच्या पठारावरची दवबिंदू आणि सीतेची आसवं ही किडे खाणारी झाडंसुद्धा कातळावरच्या निकस मातीतच वाढतात.

घटात चिकनचा तुकडा टाकू नका, घटासकट सडतो.

सॅरासेनिया पुर्पुरिया ही घटपर्णी थेट कॅनडापर्यंत वाढते, तिला हिवाळ्यात तीन-चार महिने झोप लागते. डिसेंबरात पानं तपकिरी पडली की लोक कुंडी रिकामी करतात. आधी कंद दाबून बघा. टणक लागला तर झाड जिवंत आहे. मी ते गॅलरीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात सरकवतो, मॉस ओलसर ठेवतो आणि फेब्रुवारीपर्यंत हात लावत नाही.