गौरेतर विद्यार्थ्यांना शिक्षकी पेशाकडे आणताना

अमेरिकेतील सरकारी शाळांत शिकणारी निम्म्याहून अधिक मुले आज कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूळनिवासी अशा गौरेतर समाजांतील आहेत. त्यांचे शिक्षक मात्र सुमारे ८० टक्के गौरवर्णीय आहेत. गौरेतर मुलांना शिक्षक होण्याची आवडच नाही, असे यावरून समजू नये. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालानंतर दक्षिणेकडील राज्यांत शाळांचे एकत्रीकरण झाले, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करण्यात आल्या आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना व मुख्याध्यापकांना नोकरी गमवावी लागली. त्यामुळे अशा विद्यार्थ्यांना शिक्षक होण्याकडे वळवणारा उपक्रम हायस्कूलमध्ये सुरू करणाऱ्याने पेशाच्या थोरवीवर भाषणे देण्याऐवजी मुले वाटेत कोठे अडतात, हे आधी पाहावे.

सुरुवात नववी-दहावीतच करावी. सूचनाफलकावर पत्रक लावल्याने फारसे कोणी येत नाही. ज्या शिक्षकावर मुलाचा विश्वास आहे, त्याने ‘तुला दुसऱ्याला समजावून सांगता येते, हे मी पाहिले आहे’ असे त्याला समोर बसवून सांगावे लागते. निवड केवळ गुणांवर करू नये. धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणारी किंवा चर्चच्या रविवारच्या वर्गात मदत करणारी मुले गुणपत्रिकेत ठळक दिसतातच असे नाही. ज्याला वारंवार वर्गाबाहेर काढले गेले, तो ‘मी पुन्हा इथे कशाला येऊ?’ असे विचारील. हा प्रश्न टाळू नये. त्या दिवशी शिक्षकाच्या जागी तू असतास तर काय केले असतेस, हे त्याला लिहायला सांगावे. उपक्रमाचा प्रवेश सर्वांना खुला ठेवावा, पण आमंत्रण मुद्दाम गौरेतर मुलांपर्यंत पोहोचवावे. प्रवेशाचे नियम ठरवताना स्कूल डिस्ट्रिक्टच्या (परिसरातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) विधी सल्लागाराला विचारून घ्यावे.

त्यानंतर मुलांना खरोखर शिकवू द्यावे, कारण सगळ्या उपक्रमाचा जीव यातच आहे. जवळच्या प्राथमिक शाळेतील एकाच वर्गात संपूर्ण सत्रभर, आठवड्यातून दोनदा जाणे आणि चार-पाच मुलांच्या गटाला वीस मिनिटे वाचन शिकवणे, एवढे सुरुवातीला पुरते; मात्र प्रत्येक तासानंतर वर्गशिक्षकाने दहा मिनिटे त्या शिकवणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलले पाहिजे. झेरॉक्स काढणे आणि फळा सजवणे एवढेच काम वाट्याला आले, तर मुले ख्रिसमसच्या सुट्टीनंतर परतत नाहीत. अभ्यासक्रम नव्याने रचण्याची गरज नाही: दक्षिण कॅरोलायनातील ‘टीचर कॅडेट’ हा हायस्कूलसाठीचा अभ्यासक्रम १९८० च्या दशकापासून चालू आहे आणि भावी शिक्षकांसाठीच्या ‘एज्युकेटर्स रायझिंग’ या संघटनेची विद्यार्थी मंडळे अनेक राज्यांत आहेत.

कम्युनिटी कॉलेजशी (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयाशी) ड्युअल एनरोलमेंटचा, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच महाविद्यालयाचे क्रेडिट मिळवून देण्याचा करार करताना, हे क्रेडिट कोणते विद्यापीठ स्वीकारील आणि ते शिक्षक-पदवीसाठी धरले जाईल की केवळ ऐच्छिक विषय म्हणून, हे लेखी घ्यावे.

पैशाबद्दल बोलताना पालकांनाही बोलवावे. बारावीत फाफ्सा, म्हणजे महाविद्यालयीन शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, सर्वांनी मिळून भरावा आणि परत न करावे लागणारे सरकारी पेल ग्रँट व फेडावे लागणारे कर्ज यांतील फरक कागदावर मांडून दाखवावा. भावी शिक्षकांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या टीच ग्रँटबाबत विशेष जपावे. वर्षाला कमाल ४,००० डॉलरची ही मदत घेणाऱ्याला शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षे, अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळेत, शिक्षकांची टंचाई असलेला विषय शिकवावा लागतो. अट मोडली की सगळी रक्कम मूळ तारखेपासूनच्या व्याजासह कर्जात बदलते. ‘ग्रँट’ या शब्दामुळे अनेकांची फसगत होते.

हायस्कूल संपल्यावर हात सोडू नये. अनेक राज्यांत शिक्षक-परवान्यासाठी लागणारी प्रॅक्सिस परीक्षा आणि बहुधा बिनपगारी असणारे स्टुडंट टीचिंगचे (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाचे) सत्र, या दोन ठिकाणी घरखर्चाला हातभार लावणारी मुले गळतात. परीक्षा शुल्काची तरतूद उपक्रमाच्या अंदाजपत्रकातच करावी. काम करता करता पगार आणि पदवी दोन्ही मिळवून देणारी नोंदणीकृत शिक्षक-अप्रेंटिसशिप २०२२ मध्ये टेनेसीत प्रथम सुरू झाली. तशी सोय आपल्या राज्यात आहे का, ते पाहावे. कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक घडवण्यासाठी क्लेमसन विद्यापीठातून पुढे आलेल्या ‘कॉल मी मिस्टर’ कार्यक्रमात मुले एकमेकांच्या सोबतीने, गटाने शिकतात. म्हणून आपल्या शाळेतून दोघे-तिघे एकाच महाविद्यालयात जात असतील, तर त्यांची गाठ जाण्यापूर्वीच घालून द्यावी. माजी विद्यार्थ्यांची यादी एका ठरावीक शिक्षकाकडे असावी, त्याने प्रत्येक सत्रात निदान एक फोन करावा, आणि पदवी हाती येताच डिस्ट्रिक्टमध्ये मुलाखतीची हमी मिळेल, असे अधीक्षकांकडून आधीच लिहून घ्यावे.