जिप्सीचे पाटे उतरवण्यापूर्वीची जमवाजमव

जुन्या मारुती जिप्सीचे पाटे (गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदलायचे ठरले की नव्या पाट्यांची जोडी घरी आणली म्हणजे तयारी झाली, असे वाटू लागते. प्रत्यक्षात यादीतील सर्वांत सोपी वस्तू पाटे हीच आहे. यादीत पहिले नाव बोल्टांचे लिहावे. स्थिर टोकांचे बोल्ट, शॅकलच्या (पाट्याचे हलते टोक लटकवणाऱ्या जोडपट्टीच्या) पिना, त्यांचे नट आणि वॉशर हे सगळे नवे हवे आणि जुना एकही नट सैल करण्यापूर्वी हातात हवे. मागच्या खेपेस पाटे, त्यांना ॲक्सलशी आवळणारे यू बोल्ट, टोकांतले रबरी बुश, एवढेच काय हातमोजेही जमवले होते. बोल्ट मात्र जुनेच चालतील असे गृहीत धरले आणि गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, अडकून पडली. म्हणून ही यादी.

जिप्सीच्या पुढे आणि मागे, चारही कोपऱ्यांना पाटेच आहेत. प्रत्येक पाट्याचे एक टोक चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) ब्रॅकेटमध्ये बोल्टाने जखडलेले असते आणि दुसरे शॅकलला लटकते, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्या लांबीला वाव लागतो. जखडलेल्या टोकाच्या रबरी बुशमध्ये लोखंडी नळी असते आणि बोल्ट त्या नळीतून जातो. गोव्यात हरमलपासून काणकोणपर्यंत किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत याच नळीत गंज धरतो. पावसाळ्यात ब्रॅकेटमध्ये बसलेली लाल माती आतून लवकर वाळत नाही, वर खारा वारा आहेच, आणि काही वर्षांत नळी व बोल्ट एकजीव होतात. मग नट निघतो, बोल्टाचे डोके पान्याबरोबर फिरतेही, पण पाना सोडला की आतले पिळलेले रबर त्याला पुन्हा मागे ओढते. बोल्ट फिरतो म्हणजे सुटला, असे समजून हातोडा मारत बसण्यात अख्खी सकाळ जाते. तो सुटलेला नसतो. शेवटी ब्रॅकेट आणि पाट्याचा डोळा (टोकाची गोल वळी) यांमधल्या फटीत करवतीचे पाते किंवा ग्राइंडरची पातळ चकती घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापावाच लागतो. कापलेला बोल्ट परत बसत नाही, म्हणून नवे बोल्ट आधी.

हे बोल्ट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून उचलू नयेत. डोक्यावर निदान ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला हवा. आकडा नसेल तर दुकानदार काहीही सांगो, तो बोल्ट परत करावा. बुशमधून जाणारा भाग गुळगुळीत हवा. डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट नळीला खातो आणि पाटा खुळखुळू लागतो. आट्यांचे अंतर डोळ्यांनी कळत नाही, म्हणून मूळ भागाचा क्रमांक सांगून मागणी करावी आणि मोजणीत कसर नको म्हणून एक बोल्ट जास्त घ्यावा. म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या दुकानांत तयार मिळाला तर उत्तम, नाही तर मागवून येईपर्यंत काम सुरूच करू नये. आपल्याकडे बहुतेक दुकाने दुपारी बंद असतात आणि रविवारी तर पाहायलाच नको. शनिवारी दुपारी बोल्ट तुटला की सोमवारपर्यंत गाडीखालची माती पाहत बसायचे.

पाटे खरोखर बदलायचेच आहेत का, हे मात्र खरेदीपूर्वी ठरवावे. सपाट जमिनीवर, टायरमधली हवा सारखी करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. एका बाजूला ते लक्षणीय कमी असेल, पाट्याची कमान सरळ किंवा उलटी झाली असेल, पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टाच्या भोकापाशी तडा असेल, तर निर्णय झालाच. जुने पाटे ठोकून पुन्हा कमान देण्याचे काम खाणीच्या ट्रकांमुळे डिचोली आणि उसगावच्या बाजूला होत आले आहे आणि ते स्वस्तही पडते. पण थकलेल्या पोलादाला थंडच ठोकून दिलेली कमान फार टिकत नाही, असे माझे मत आहे. बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही पाटे एकदम बदलावेत. एकच बदलला तर गाडी कायमची एका अंगावर झुकते.

नवे पाटे आणल्यावर सेंटर बोल्टापासून दोन्ही डोळ्यांपर्यंतचे अंतर जुन्या पाट्याशी ताडून पाहावे. दोन्ही अर्धे समान असतीलच असे नाही, आणि उलटा बसवलेला पाटा ॲक्सल पुढे-मागे सरकवतो. यू बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणून आवळलेला यू बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही. पाट्यांची थप्पी जुन्यापेक्षा जाड असेल तर ते लांबीलाही जास्त लागतात. बुश नवे. बंप स्टॉपचे (ॲक्सल चासीवर आदळू न देणाऱ्या ठोकळ्याचे) रबर फाटले असेल तर तेही.

आता आधाराविषयी, आणि येथे घाई करणाऱ्यांवर मला राग येतो. अंगणात चिरे (बांधकामाचे जांभे दगड) पडलेले असतात म्हणून चासीखाली चिरे रचणारे लोक मी पाहिले आहेत. चिरा घराच्या भिंतीत वर्षानुवर्षे वजन सोसतो, कारण तेथे ते सर्वत्र सारखे पसरलेले असते; चासीच्या अरुंद कडेचे वजन एका रेषेत पडले की तो भुगा होऊन खचू शकतो, आणि खाली माणूस असतो. दोन भक्कम लोखंडी घोड्या घ्याव्यात आणि त्या ॲक्सलखाली नव्हे, चासीखाली लावाव्यात. मातीच्या अंगणात घोडीखाली जाड फळी हवी. जॅक दोन लागतात: एक गाडी उचलायला, दुसरा ॲक्सल वर-खाली करायला. दुसरा जॅक नसेल तर यू बोल्ट सुटताच ॲक्सलचा भार ब्रेकच्या रबरी नळीवर येतो. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून अडसर लावावा. हे सगळे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी उरकावे. पाऊस लागल्यावर अंगणातली घोडी रुतते.

हत्यारांत पाने, गोटी पाने, लांब पाइप, पहार, तारेचा ब्रश, ग्राइंडर, डोळ्यांचा चष्मा. एकाच मापाचे दोन पाने हवेत, कारण नट फिरवताना मागचे डोके धरावे लागते. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि इंधनाची टाकी यांची गाठ पडू देऊ नये. टाकीच्या बाजूला करवतच बरी, आणि गॅस कटरचे तर नावही काढू नये. आदल्या दोन-तीन संध्याकाळी प्रत्येक नट आधी ब्रशने घासून मग गंज सैल करणारे तेल मारावे. मातीवर मारलेले तेल मातीच पिते. तेल मारले म्हणून बोल्ट सुटेलच या भरवशावर राहू नये. नवे बोल्ट आले का? नसतील तर तेलाचा डबा खाली ठेवून आधी ते आणावेत.

प्रत्यक्ष काम त्या मानाने सोपे. शॉकअपचे खालचे टोक सोडावे, ॲक्सल जॅकवर तोलावा, यू बोल्ट काढावेत, मग टोके. जिप्सीचा पाटा मुळात ॲक्सलच्या खाली असतो, म्हणून तो खालीच उतरतो. पाय बाजूला ठेवावेत. नवा पाटा चढवताना सेंटर बोल्टाचे डोके ॲक्सलवरच्या खळग्यात नीट बसल्याची खात्री बोट घालून नव्हे, टॉर्च मारून करावी. रबराला साधे ग्रीस लावू नये, ते फुगते. साबणाचे पाणी पुरते. नव्या बोल्टाच्या गुळगुळीत भागावर मात्र कॉपर ग्रीस हवेच, नाही तर पुढच्या वेळी पुन्हा कापाकापी.

टोकांचे नट हलकेच लावून गाडी चाकांवर उतरवावी, थोडी हलवावी, आणि मगच पूर्ण आवळावे. लटकत्या स्थितीत आवळले तर बुश पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. यू बोल्ट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने), कार्यशाळेच्या पुस्तिकेतील मापानुसार. काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत. उंची पुन्हा मोजावी. गाडी वर आल्याने दिव्यांचा झोतही वर जातो, तो खाली आणावा.