दुबईत नोकरी लागली, आता घर कुठे घ्यावे? मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातून दुबईला जाणाऱ्याला उन्हाची भीती फारशी वाटत नाही, कारण परभणी-नांदेडचा मे महिना त्याने अंगावर काढलेला असतो. आणि नेमका हाच आत्मविश्वास तिथे घर निवडताना अडचणीत आणतो. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे माळवदाच्या घरात दुपार निभते, पत्र्याच्या खोलीत कूलरवर भागते आणि रात्री गच्चीवर अंथरूण टाकता येते. दुबई वाळवंटात असली तरी समुद्रकाठी आहे. जून ते सप्टेंबर दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, रात्री तो तिशीच्या आसपासच राहतो आणि हवेत एवढे बाष्प असते की पाण्यावर चालणारा कूलर निरुपयोगी ठरतो. म्हणून भाड्याच्या आकड्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत: जुलैच्या दुपारी दारापासून वाहनापर्यंत किती चालावे लागेल, आणि घरातल्या गारव्याचे पैसे कोण भरणार?

इथूनच, फोनवर फोटो पाहून, वर्षभराचा भाडेकरार करू नये. भाडे बहुधा पुढील तारखांच्या चेकने द्यावे लागते, आणि रहिवासी व्हिसा व एमिरेट्स आयडी हे तिथले ओळखपत्र हाती येण्याआधी चेकबुक मिळणे अवघड असते. पहिला महिना कंपनीने दिलेल्या जागेत किंवा महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या सुसज्ज खोलीत काढावा आणि त्या काळात कामाच्या ठिकाणी ऐन गर्दीच्या वेळी जाऊन-येऊन पाहावे. कंपनी कायमचे निवासस्थान देणार असेल, तर ते सोनापूर, अल कूझ, जबल अली यांपैकी नेमके कोणत्या भागात आहे आणि तिथून कामावर नेणारी बस आहे का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारावे.

दुबई किनाऱ्याला धरून लांबलचक पसरलेली आहे, त्यामुळे नोकरी शहराच्या कोणत्या टोकाला आहे यावर जवळजवळ सगळे अवलंबून आहे. नोकरी जुन्या शहरात असेल तर देरा, बर दुबई आणि करामा हे भाग सोयीचे आहेत. इमारती जुन्या, पार्किंगची मारामार, पण मेट्रो जवळ आणि खाली उतरले की भारतीय किराणा. मीना बाजार आणि कराम्याच्या दुकानांत ज्वारीचे पीठ मिळते, ही भाकरीवर वाढलेल्या माणसासाठी लहान गोष्ट नव्हे. अल नहदा आणि अल कुसैस शेजारच्या शारजा अमिरातीच्या सीमेजवळ असूनही ग्रीन लाइन मेट्रोवर आहेत. जबल अली किंवा मरीनाच्या बाजूला काम असेल, तर डिस्कव्हरी गार्डन्ससारखा, मेट्रो स्टेशन असलेला भाग पाहावा. इंटरनॅशनल सिटीत भाडे तुलनेने कमी असते, पण तिथे अजून मेट्रो नाही. ब्लू लाइन 2029 मध्ये सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे, तोवर बस किंवा स्वतःची गाडी हाच मार्ग. शिवाय जवळच अल अवीरचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असल्याने काही भागांत वासाची तक्रार असते. तिथले घर संध्याकाळी एकदा पाहून यावे.

सार्वजनिक वाहतुकीचा हिशोब सोपा आहे. साध्या नोल कार्डावर (मेट्रो-बसच्या तिकिटाचे कार्ड) एका झोनमधल्या प्रवासाला 3 दिरहम, दोन झोनला 5 आणि त्यापुढे साडेसात दिरहम लागतात. सर्व झोनचा मासिक पास 350 दिरहमचा आहे. मात्र नकाशावर ‘मेट्रोपासून 15 मिनिटे’ असे दिसणारे अंतर ऑगस्टमध्ये घामाने चिंब करून सोडते, म्हणून घर स्टेशनपासून लांब असेल तर इमारतीजवळून स्टेशनपर्यंत नेणारी फीडर बस जाते का, हे नक्की पाहावे.

स्वस्त भाड्यासाठी शारजात राहून दुबईत नोकरी करण्याचा मार्ग अनेकांनी पत्करलेला आहे. माझ्या मते, कामाची वेळ गर्दीची नसेल तरच तो परवडतो. अल इत्तिहाद रस्त्यावरची सकाळची कोंडी प्रसिद्ध आहे आणि स्वतःची गाडी असेल तर सालिकचा टोलही मोजावा लागतो. 2025 पासून रविवार वगळता गर्दीच्या तासांत टोलच्या एका कमानीला 6 दिरहम, एरवी 4 दिरहम आणि रात्री एक ते पहाटे सहापर्यंत काहीच नाही. दुबई सरकारची साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार असते, तर शारजात शुक्रवारही सुट्टीचा असतो. एकाची नोकरी दुबईत आणि मुलांची शाळा शारजात असेल तर घरातल्या सुट्ट्या जुळत नाहीत.

आता गारव्याच्या खर्चाकडे वळू. जाहिरातीत ‘चिलर फ्री’ असे लिहिलेले असेल, तर थंड पाण्याच्या मध्यवर्ती यंत्रणेचे शुल्क घरमालक भरतो. खोलीत ती थंड हवा फेकणाऱ्या पंख्याची वीज मात्र तुमच्याच बिलात येते. तसे लिहिलेले नसेल तर शीतकरण कंपनीचे वेगळे खाते उघडावे लागते, अनामत भरावी लागते, आणि वापराच्या शुल्काखेरीज क्षमतेचे एक स्थिर शुल्कही लागते, जे घर महिनाभर बंद ठेवून दिवाळीला गावी आलात तरी चुकत नाही. म्हणून कमी भाड्याचे चिलरवाले घर आणि थोड्या जास्त भाड्याचे चिलर फ्री घर यांची तुलना वर्षाच्या एकूण खर्चावर करावी आणि आधीच्या भाडेकरूची ऑगस्टची बिले मागावीत. बिल दाखवायला एजंट टाळाटाळ करत असेल, तर ते घर सोडून द्यावे.

सुरुवातीला हाती किती रक्कम लागेल, हे उदाहरणाने पाहू. वार्षिक भाडे 60,000 दिरहम आणि चार चेक ठरले, तर पहिला चेक 15,000चा, असज्ज घराची प्रचलित अनामत पाच टक्के म्हणजे 3,000, एजंटचे पाच टक्के व त्यावरचा व्हॅट मिळून 3,150, वीज-पाण्याच्या ‘दीवा’ खात्याची फ्लॅटसाठीची अनामत 2,000 आणि इजारी म्हणजे भाडेकराराच्या सरकारी नोंदणीचे सुमारे 220 दिरहम. म्हणजे घरात पाऊल ठेवण्याआधी साडेतेवीस हजारांच्या आसपास रक्कम जाते. त्यानंतर वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क नगरपालिका वीजबिलातून दरमहा वसूल करते; या उदाहरणात ते महिन्याला 250 दिरहम होते. चेक जितके कमी, तितकी भाड्यात घासाघीस करायला जागा अधिक. पण चेक वटला नाही तर घरमालक थेट अंमलबजावणी न्यायालयात जाऊ शकतो, म्हणून झेपेल तेवढ्याच रकमेचे चेक द्यावेत.

एकट्याने जाणारे बहुतेक जण बेड स्पेसपासून, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेच्या भाड्यापासून, सुरुवात करतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र मूळ भाडेकरूकडे पोटभाडेकरू ठेवण्याची घरमालकाची लेखी परवानगी आहे का आणि तुमचे नाव इजारीत सहनिवासी म्हणून नोंदवले जाणार आहे का, हे आधी विचारावे. परवानगीविना प्लायवूडच्या भिंती घालून केलेल्या पार्टिशनच्या खोल्या बेकायदा आहेत; 2025 च्या जूनमध्ये रिग्गा, मुरक्काबात, सतवा, बर्शा अशा भागांत नगरपालिकेने त्यांच्यावर मोहीम उघडली आणि अनेकांना घाईने जागा सोडावी लागली. आगीच्या वेळी अशा खोल्यांतून बाहेर पडणेही कठीण. स्वयंपाकाची मुभा आहे का, तेही स्पष्ट करून घ्यावे, कारण अनेक ठिकाणी फोडणी घालायलाच मनाई असते.

कुटुंब आणायचे असेल तर व्हिसासाठी नावावरची इजारी लागते, तेव्हा बेड स्पेस तिथे उपयोगी पडत नाही. शाळा आधी ठरवून मग घर शोधावे. भारतीय अभ्यासक्रमाच्या बहुतेक शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, आणि शिक्षण प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेले शाळांचे तपासणी अहवाल वाचूनच प्रवेश घ्यावा.

घर पाहायला दुपारी दोनच्या सुमारास जावे. पश्चिमेच्या खिडक्या किती तापतात, खिडक्यांच्या फटींतून वाळू आत येते का आणि शेजारी बांधकाम चालू आहे का, हे त्या वेळी कळते. नळ सोडून पाहावा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की अनेक घरांत गीझर बंद ठेवून, घरात असलेल्या त्या गीझरमध्ये निवलेले पाणीच थंड म्हणून वापरतात. 16 एप्रिल 2024 च्या विक्रमी पावसात तळमजले आणि भूमिगत वाहनतळ पाण्याखाली गेले होते, तेव्हा त्या दिवशी इमारतीत काय झाले होते, हे रखवालदाराला विचारावे. एजंटपेक्षा तो खरे सांगतो.

सही करताना नूतनीकरणाचे कलम वाचावे. भाडे किंवा अटी बदलायच्या असतील तर करार संपण्याच्या 90 दिवस आधी कळवावे लागते, आणि त्या भागातल्या सरासरी भाड्यापेक्षा तुमचे भाडे दहा टक्क्यांहून अधिक कमी नसेल तर घरमालकाला वाढ मागताच येत नाही. फरक कितीही असला तरी वाढ वीस टक्क्यांच्या वर जात नाही. घर विकायचे किंवा स्वतः राहायचे म्हणून रिकामे करून घ्यायचे असेल, तर नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने 12 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. व्हॉट्सॲपवर आलेला ‘पुढच्या महिन्यात घर सोडा’ हा निरोप ही नोटीस ठरत नाही.